चौदा गोण्या

चौदा गोण्या माशांचं खाद्य चोरीला गेलंय, असं मी एका माणसाबद्दल लेखी दिलं होतं. व्यवस्थित आकडेमोड करून, तारीख टाकून, खाली सही. २०२१ च्या सप्टेंबरची गोष्ट, गणपतीच्या चार दिवस आधीची.

मी मूळची रत्नागिरीची. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून बीएफएससी केलं आणि नोकरी लागली ती थेट उजनीच्या पट्ट्यात, म्हणजे बांगडा-तारली खात वाढलेली मुलगी आणि इथे येऊन रोज चिलापी. (तिलापियाला इकडे कोणी तिलापिया म्हणत नाही, तुम्ही म्हणालात तर लोक तुमच्याकडे बघून हसतात.) काम असं की शेततळ्यात मासे करणाऱ्यांकडे जायचं, जाळं फेकून दहावीस मासे काढायचे, वजन घ्यायचं, पाणी तपासायचं आणि पुढचे पंधरा दिवस खाद्य किती टाकायचं ते वहीत लिहून द्यायचं. बाकी मग चिखल, ऊन आणि "मॅडम चहा घेतल्याशिवाय जायचं नाय".

तात्यांचं तळं इंदापूर तालुक्यात, ३४ बाय ३४ मीटरचं, प्लास्टिक अंथरलेलं, आत ४,००० चिलापी. राखणीला बीडकडचा एक पोरगा, बायको आणि तीन वर्षांची मुलगी घेऊन तळ्याकडेच्या पत्र्याच्या खोलीत राहायचा. सकाळ-संध्याकाळ खाद्य टाकणं, एरेटर, म्हणजे पाण्यात हवा घालायचं यंत्र, चालू-बंद करणं, रात्री बॅटरी घेऊन चकरा मारणं, सगळं तोच बघायचा.

त्या दिवशी मासे काढले तर सरासरी १९५ ग्रॅम. पन्नास दिवसांपूर्वी ९५ होते. म्हणजे माशामागे १०० ग्रॅम वाढ, चार हजारांची मिळून ४०० किलो, आणि तेवढ्यात खाद्य गेलं होतं ३८ गोण्या, २५ किलोची गोणी, ९५० किलो. एक किलो मासा वाढायला किती किलो खाद्य लागलं त्याला आम्ही एफसीआर म्हणतो, तो चिलापीला दीडच्या आसपास यावा, इथे येत होता २.४. तात्यांचं तोंड उतरलं, साहजिक आहे, असल्या शेतीत खर्चाचा मोठा हिस्सा खाद्यालाच जातो.

तात्यांचा संशय खाद्यावरच होता. त्यांनी नेहमीच्या कंपनीचं खाद्य सोडून जवळच्याच एका गिरणीवाल्याचं चालू केलं होतं, किलोमागे नऊ रुपये स्वस्त, आणि त्यात अळ्यांची पूड होती. गोणीवर मोठ्ठं छापलेलं, कीटक प्रथिनयुक्त, प्रोटीन ३२%. आता अळ्या म्हणलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सडक्या वांग्यातली अळी येते, ही ती नाही, ब्लॅक सोल्जर फ्लाय (बीएसएफ) म्हणतात त्या काळ्या माशीची असते, पण तात्यांना काय त्याचं. "मॅडम, किडं घालून पैलवान हुतो का कोण?" हे त्यांचं पालुपद. म्हणून मी आधीच्या फेरीत नमुना नेऊन लॅबला दिला होता आणि रिपोर्ट आला होता ३१.८. लेबलला ३२, लॅबला ३१.८, इतका प्रामाणिक गिरणीवाला मी तरी पाहिला नव्हता.

मग काय राहिलं? खाद्य चांगलं, पाण्याचं तापमान चांगलं, मासे दिसायला निरोगी, तरी वाढ नाही. मी तिथेच बांधावर बसून हिशोब केला. ४०० किलो वाढीला दीडच्या दराने ६०० किलो खाद्य पुरतं. गेलं ९५०. उरलेलं ३५० किलो कुठे आहे? चौदा गोण्या. हे मी बोलले नाही, लिहिलं, आणि तात्यांना वाचून दाखवलं, आणि तो पोरगा तिथेच एरेटरची वायर गुंडाळत उभा होता.

तो काही ओरडला वगैरे नाही. खोलीत गेला आणि रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा आणून टाकला, मोजा म्हणाला. ३८ होत्या. मी म्हणलं रिकाम्या गोणीवरून काय कळणार, भरलेली कुठं रिकामी झाली ते कळतं का. हे वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. मग तो म्हणाला, "मॅडम, पाणी तर बघा, उसाला युरिया मारल्यावानी हिरवं झालंय, मी खाद्य टाकलंच नसतं तर असं झालं असतं का?"

मी पाणी बघितलं होतं. बघून लिहिलंही होतं. पाण्याचा गढूळपणा बघायची एक काळी-पांढरी तबकडी असते, दोरीने खाली सोडायची, दिसेनाशी झाली की खोली मोजायची. तीस-पस्तीस सेंटीमीटरपर्यंत दिसली तर ठीक. तात्यांच्या तळ्यात १६ ला गायब होत होती. शेवाळ इतकं की पहाटे ऑक्सिजन कमी पडून मासे वर तोंड काढत होते. खाद्य चोरीला जातं त्या तळ्याचं पाणी असं होत नाही, उलट निवळ राहतं, कारण आत काही पडतच नाही. हे दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही समजतं. पण माझ्या हातात लॅबचा कागद होता आणि डोक्यात रात्रीची गाडी होती, गणपतीला घरी जायचं होतं.

तात्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी काढलं. पगारातून पैसेही कापले. मला हे रत्नागिरीत फोनवर कळलं, मोदकांचं सारण ढवळता ढवळता, आणि खोटं कशाला बोलू, मला वाटलं चला, एक प्रकरण मार्गी लागलं.

परत गेले ती घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, ८ ऑक्टोबरला. मधल्या ३२ दिवसांत तात्या आणि त्यांचा मुलगा स्वतः खाद्य टाकत होते, खोलीला कुलूप, किल्ली तात्यांच्या करदोट्याला. हिशोब चोख, २५ गोण्या, ६२५ किलो. मासे काढले. २६० ग्रॅम. म्हणजे ६५ ग्रॅम वाढ, २६० किलो, भागाकार केला तर २.४.

मी कॅल्क्युलेटरवर तो भागाकार तीनदा केला. तात्या विचारतायत काय झालं, मी आपली काही नाही काही नाही म्हणत वही चाळतेय. चोर गेला होता आणि चोरी तेवढीच चालू होती.

"म्हंजी अळ्याच," तात्या म्हणाले. आणि ते एकटे नव्हते म्हणत, आजूबाजूचे जे दोघंतिघं तेच खाद्य वापरत होते त्यांच्यातही हेच चाललं होतं, व्हॉट्सॲपवर अळ्यांचे फोटो फिरत होते. मलाही वाटलं असेल बाबा. कारण एक गोष्ट मला माहीत होती. लॅबमध्ये प्रोटीन मोजतात म्हणजे खरं तर प्रोटीन मोजतच नाहीत, नायट्रोजन मोजतात. योहान केल्डाल नावाच्या डॅनिश माणसाने १८८३ मध्ये ही पद्धत काढली, कार्ल्सबर्गच्या बिअरवाल्यांच्या लॅबमध्ये, बार्लीत प्रोटीन किती ते बघायला. ॲसिडमध्ये उकळायचं, अमोनिया काढायचा, त्यावरून नायट्रोजन, आणि त्याला ६.२५ ने गुणायचं. झालं प्रोटीन. आता अळीच्या सालीत कायटिन असतं, त्यातही नायट्रोजन असतो, तो माशाच्या फारसा कामाचा नाही पण गुणाकारात येतो. म्हणून अळीला ६.२५ ऐवजी ४.७६ ने गुणावं असं संशोधकांनी सांगितलेलं आहे.

पण आकडे मांडले तर तेही जुळेना. गिरणीवाला खाद्यात अळी १० टक्के घालत होता, हे तो स्वतःच अभिमानाने सांगायचा. अळीचं कागदावरचं प्रोटीन ४२ धरलं आणि नव्या गुणकाने मोजलं तर ३२ होतं, दहाचा फरक. पण अळी खाद्यात दहावा हिस्साच, म्हणजे एकूण खाद्यात फरक पडला एक टक्का. एक टक्क्याने दीडचा एफसीआर २.४ होत नाही. अळी सुटली.

मग मी परत तबकडी सोडली. १४. पाणी आणखी हिरवं. आणि शेजारच्या वावरात तात्यांचा मुलगा उसाला खत टाकत होता, गोणी बांधावर पडलेली, आणि मला ते वाक्य आठवलं. युरिया मारल्यावानी.

खरं सांगते, पोटात गोळा आला. कारण हे मी शिकलेले होते. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन नावाचं रसायन घालायचे ते याचसाठी, मेलामाइनमध्ये ६६ टक्के नायट्रोजन, पाणी घातलेलं दूधही टेस्टमध्ये प्रोटीनने भरलेलं दिसायचं. आमच्या परीक्षेत यावर टीप आली होती, मला चांगले मार्क होते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. ६.२५ ने गुणा, २८७ येतात. म्हणजे शंभर किलो खाद्यात फक्त दोन किलो युरिया मिसळला की रिपोर्टवरचं प्रोटीन पावणेसहा टक्क्यांनी वर. २६ चं खाद्य ३२ चं होतं, लॅबला शंका येत नाही, मॅडमला तर नाहीच नाही.

गाई-म्हशींना युरिया थोडाफार चालतो, त्यांच्या पोटातले जंतू त्याचं प्रोटीन बनवतात. माशाला तसलं पोट नाही. जेवढा गिळला तेवढा परत पाण्यात, आणि त्याआधीच गोळी भिजली की अर्धाअधिक विरघळून जातो. तात्या दोन महिने पैसे देऊन तळ्याला खत घालत होते.

पण हे सिद्ध कसं करायचं? लॅब पुण्याला, रिपोर्टला आठवडा. आणि मला आठवडा थांबायचं नव्हतं. यावर एक जुनी युक्ती आहे, कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं एन्झाइम असतं, ते युरिया फोडून अमोनिया करतं. सोयापेंड नीट भाजली गेली का हे कारखान्यात याच एन्झाइमवरून बघतात, एन्झाइम जिवंत असेल तर पेंड कच्ची, आणि कच्ची पेंड माशाला पचत नाही. मी उलटं वापरायचं ठरवलं. सोयाबीन त्याच आठवड्यात शेजाऱ्यांकडे निघालं होतं, ताजं, वाटीभर आणलं. अमोनिया ओळखायला लिटमस हवा, तो गाडीत नव्हता. पण हळद होती की! हळदीला चुना लागला की लाल होते, कुंकू तसंच करतात, अमोनियाही तिला लाल करतो.

इथे तात्यांच्या आईंचा प्रश्न आला. आजी माळकरी, घरात मासा चढत नाही, तळ्यावरचा पैसाही त्या फारशा खुशीने घेत नाहीत असं तात्या म्हणायचे. मी मिक्सर मागितला. सोयाबीन दळायला म्हणल्यावर दिला, हळद दिली, पण माशाचं खाद्य म्हणल्यावर स्टीलचे पेले काही दिले नाहीत. "न्हाय बया, घटात देवी बसलीय." शेवटी वाण्याकडून चहाचे प्लास्टिकचे कप आणले आणि अंगणातसुद्धा नको, गोठ्याच्या पलीकडे कर म्हणाल्या.

तीन कप. पहिल्यात तात्यांचं चालू खाद्य कुटून, पाणी, दोन चमचे कच्च्या सोयाचं पीठ. दुसऱ्यात तसंच, पण खाद्य माझ्या गाडीत नमुन्याला असलेलं कंपनीचं. तिसऱ्यात तात्यांचं खाद्य आणि पाणी, सोया नाही. वहीच्या कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवल्या, कपांच्या तोंडावर ओल्याच ठेवल्या, वर बशी झाकली, आणि ऑक्टोबरचं ऊन होतंच. बसलो.

वीस मिनिटं काही नाही. तात्या दोनदा उठून घरात जाऊन आले. आजी लांबून पदर नाकाला लावून बघत होत्या, पण बघत होत्या. अर्ध्या तासाने मी पहिल्या कपावरची बशी उचलली आणि वास असा आला की डोळ्यांत पाणी, बंद मुतारीसारखा, आणि पट्टी मधोमध विटकरी लाल. दुसरी पिवळी. तिसरी पिवळी. परत झाकलं, परत दहा मिनिटांनी उघडलं, तेच.

तात्यांनी पट्टी हातात घेतली, उन्हात धरली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी पोरगं खरं बोलत हुतं."

नंतर रीतसर पण केलं. पुण्याला नमुना पाठवला, यावेळी सांगून की ट्रू प्रोटीन वेगळं काढा आणि बिगर-प्रोटीन नायट्रोजन वेगळा. जुन्या पद्धतीने ३१.६, खरं प्रोटीन २५.४. कागद घेऊन गिरणीवाल्याकडे गेलो. तो आधी चहा मागवत होता, कागद बघितल्यावर चहा राहिला. आणि मग जे म्हणाला ते मी विसरू शकत नाही, "मॅडम, गोणीवर ३२ लिहिलंय, ३२ भरतंय ना?"

त्याचीही एक बाजू होती, म्हणजे समर्थन नाही पण होती. त्या वर्षी सोयाबीन लातूरच्या बाजारात क्विंटलला दहा हजारांवर गेलं होतं, सोयापेंड वर्षभरात दुपटीच्याही वर, इतकी की ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. फिशमील, म्हणजे वाळवलेल्या माशांची पूड, तर आधीपासून परवडत नाही, आमच्या किनाऱ्यावरच्या तारलीचं काय, एखाद्या वर्षी बोटी भरून, एखाद्या वर्षी शोधायला. बाहेर पेरूच्या अँचोवीचीही तीच तऱ्हा, समुद्र तापला की मासा गायब. म्हणून तर सगळे अळ्या, सोया, शेंगदाण्याची पेंड असलं काहीतरी शोधतायत. पण हिशोब बघा. शंभर किलो खाद्यात पावणेसहा टक्के प्रोटीन सोयापेंडीने वाढवायचं तर साडेबारा किलो पेंड लागते, त्या वेळच्या भावाने हजाराच्या घरात. तेवढाच आकडा युरियाने, ४५ किलोची गोणी २६६ रुपये, दोन किलोचे बारा रुपये. पेंडीच्या जागी भाताचा कोंडा भरला तरी मधले पैसे खिशात.

न उघडलेल्या नऊ गोण्या त्याने परत घेतल्या, पैसे दिले. वापरलेल्यांचे नाही.

सगळ्यात गंमत, म्हणजे गंमत कसली, अळीवाल्याची. भिगवणच्या अलीकडे एका पोराने शेडमध्ये अळ्या करायला घेतल्या होत्या, मंडईतला सडका भाजीपाला आणून, आणि या गिरणीला तोच पुरवायचा. त्याचा माल दोन महिन्यांत पडला, कारण सगळ्यांनी अळीलाच शिव्या दिल्या. मी मुद्दाम बघायला गेले. क्रेटमध्ये हात घातला तर आत चक्क गरम, आणि हजारो अळ्या खाताना असा आवाज की बाहेर पाऊस लागलाय. मोठ्या झाल्या की काळ्या पडतात आणि स्वतःच उतारावरून चढून बाहेर पडतात, खाली बादली ठेवलेली, त्यात टपाटप. मोठ्या माशीला खायला लागत नाही, ती घरात घोंघावत नाही, अंडी घालते आणि मरते. त्याच्या पुडीचा नमुना मी माझ्या पैशाने तपासला. त्याची एकच चूक, तेल काढत नव्हता, वाळल्या अळीत तिसरा हिस्सा चरबी असते, त्यामुळे पूड पंधरा दिवसांत खवट व्हायची. बाकी त्या अख्ख्या खाद्यात लिहिल्याप्रमाणे निघालेली वस्तू ही एकच होती. तात्यांना सांगितलं तर म्हणाले असंल, पण नगं. अजूनही नगंच म्हणतात.

राहिला तो पोरगा. तात्यांनी फोन लावला तर बंद. दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेला होता, उचल घेऊन, बायको कोयत्यावर आणि मुलगी पालावर. दिवाळी झाल्यावर एका कारखान्याच्या तळावर सापडला. तात्या, त्यांचा मुलगा आणि मी, तिघं गेलो. तात्यांनी कापलेले पैसे दिले, त्याने मोजून घेतले. मी माझा तो कागद नेला होता, मधे काट मारून, खाली लिहून की हिशोब चुकीचा होता, सही. मला वाटलं तो वाचेल, काहीतरी बोलेल. त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि मला विचारलं, "युरिया होता व्हय?" मी हो म्हणलं. "मग माशाचं काय झालं?" मी म्हणलं खाद्य बदललं, आता वाढतायत. बायको म्हणाली चहा ठेवू का. तेवढ्यात गाडी भरायला हाक आली आणि तो गेला.

उचल फिटेपर्यंत, म्हणजे मार्च संपेपर्यंत, तो येऊ शकत नव्हता. एप्रिलमध्ये आला, पगार वाढवून घेऊन. तात्यांनी खोलीला नवे पत्रे टाकून दिले. नवीन गोणी आली की त्यातली मूठभर कुटून कपात घालायची आणि हळदीची पट्टी वर ठेवायची हे आता तोच करतो, सोयाबीनचा डबा त्याच्या खोलीत असतो, आणि आजींनी एक जुना पेला त्यासाठी वेगळा काढून दिलाय, गोठ्यापलीकडेच ठेवायच्या अटीवर.

मी गेले की मासे काढायच्या आधी तो आत जातो, दहा-दहाचे गठ्ठे बांधलेल्या रिकाम्या गोण्या आणून माझ्या पायाशी टाकतो. मोजा मॅडम, म्हणतो. मी खाली बसते आणि मोजते.